माझी रात्र सकाळी आठला होते

काल परत तेच. सकाळी साडेनऊला बेल वाजली, दार उघडलं तर कुरियरवाला, शेजारच्यांचं पार्सल, ते घरी नाहीत म्हणून माझ्याकडे. त्याचा काय दोष, त्याला कुठे माहीत की मी दीड तासापूर्वीच आडवी झालेय. पण मोडलेली झोप परत काही लागली नाही.

मी घणसोलीत राहते, महापे एमआयडीसीत नाइट शिफ्ट करते, सहा वर्षं झाली. क्लायंट अमेरिकेतला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, आणि त्या हिशोबाने इकडे माझं जेवणखाण, झोप, मुलाचा अभ्यास सगळं तासाभराने सरकतं. घरी पोचते सव्वासातला. मिस्टर मुलाला शाळेत सोडून तसेच लोकलने ऑफिसला जातात.

गेल्या वर्षी एकदा शाळा लवकर सुटली. मेसेज आला होता पण फोन सायलेंटवर, मी गाढ झोपेत. सात वर्षांचं पोर पंचवीस मिनिटं खाली वॉचमन दादांजवळ बसून होतं. दादांनी वर येऊन दार वाजवलं तेव्हा मला जाग आली. त्यानंतर मी ठरवलं की तो घरी येईपर्यंत झोपायचंच नाही. दोन महिने तसं केलं, आणि एकदा गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभ्या उभ्या डोळा लागला. नातेवाईक म्हणतात दहा वाजले तरी झोपलीये. हे ऐकून खरंच वाईट वाटतं हो, कारण रात्री तीनला मी काय करत होते ते कुणी विचारत नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्याआधी झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घ्यायचे, ती त्यांनी पहिली बंद करायला लावली. मग समजावलं की शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं ते फळमाशीमध्ये हेच घड्याळ आतून कसं चालतं ते शोधल्याबद्दल. सकाळी कॅबमधून उतरताना डोळ्यांवर ऊन आलं की मेंदूला वाटतं दिवस उजाडला, झोपेचं हार्मोन मेलाटोनिन कमी व्हायला लागतं, अंगाचं तापमान चढायला लागतं, म्हणजे मी दमलेली असले तरी शरीर उठायच्या तयारीत. म्हणून मी आता परतीच्या कॅबमध्ये गडद गॉगल लावते आणि बेडरूमला जाड काळा पडदा टाकलाय. कॉफी रात्री एकनंतर बंद, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. झोप दोन तुकड्यांत घेते, आठ ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ, तेवढा वेळ स्वयंपाक मिस्टरांकडे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा सकाळचा निदान अर्धा तुकडा तरी सोडत नाही. आणि पडल्या पडल्या झोप आली नाही तर घड्याळ बघत तळमळत बसत नाही, उठून बाहेर येते, मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घालते, डोळे जड झाले की परत आत. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पण माझ्या हातात एवढंच आहे. बाकी सगळं बिल्डिंगच्या हातात. आवाजाच्या नियमांमधली रात्र दहाला सुरू होते नि सहाला संपते, तेव्हा मी कामावर. सोसायटीत ड्रिलिंग दुपारी दोन ते चार बंद, कारण तेव्हा ज्येष्ठ लोक पडतात. ते बरोबरच आहे, त्यांना आराम हवाच. मग सकाळी नऊ ते बारा झोपणाऱ्या माणसाची झोप का मोजली जात नाही? वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मिक्सर रोज साडेदहाला सुरू व्हायचा, माझ्या डोक्यावर. दोन वर्षं मनातल्या मनात चिडत होते. एक दिवस वर जाऊन नीट सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं आधी का नाही बोललीस, मला वाटलं तू दिवसा ड्युटीवर असतेस. दुसऱ्या दिवसापासून मिक्सर एक वाजता. इतकं सोपं होतं.

आमच्या विंगमध्ये असे आम्ही पाच जण आहोत, त्यात एक नर्स ताई आहेत, एक टॅक्सीवाले दादा आहेत. पाचही जणांच्या सह्या घेऊन मी पत्र दिलंय की ड्रिलिंग नि तोडफोड दुपारी बारानंतरच सुरू करावी, दोन ते चारची सवलत आहे तशी राहू दे. शनिवारी मीटिंग आहे. काही जण म्हणणार की मग कामगारांना वेळ किती उरतो, तो मुद्दाही खरा आहे, म्हणून बारा ते दोन आणि चार ते सात असं लिहिलंय. तुमच्या सोसायटीत कुणी असं करून घेतलं असेल तर ठरावात नेमके शब्द काय घातले ते शुक्रवारपर्यंत मला सांगा.