३८१६५४७२९ : आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लिहिलं होतं की ३८१६५४७२९ मध्ये १ ते ९ हे अंक एकेकदाच येतात आणि डावीकडून पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने, तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत नऊही अंकांच्या संख्येला ९ ने भाग जातो. अशी संख्या ही एकच. तुमचं म्हणणं, ही निव्वळ दशमान पद्धतीची गंमत आहे, संगणक क्षणात शोधून देतो, यात गणित कुठे आहे?

१ ते ९ च्या ३,६२,८८० मांडण्या होतात. संगणक त्या सगळ्या चाळेल. कागद घेऊन बसलात तर मात्र दहाच तपासाव्या लागतात, आणि गणित आहे ते इथे. पाचव्या जागी ५ च येणार. दुसरा, चौथा, सहावा, आठवा अंक सम, म्हणून बाकीचे विषम. तिसरा अंक विषम, त्यामुळे ४ ची कसोटी चौथ्या जागी फक्त २ किंवा ६ येऊ देते. सातवा विषम असल्याने ८ ची कसोटी आठव्या जागी तेच करते. पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही, म्हणजे चौथ्या-पाचव्या-सहाव्याचीही तशीच हवी. तिथे २५८ किंवा ६५४ एवढंच बसतं. असं करत दहा उरतात. ९ ची अट आपोआप पुरी होते, कारण नऊ अंकांची बेरीज ४५.

या दहांमध्ये ९८७६५४३२१ आहे! मला सगळ्यात आवडतं ते हेच. तिची फक्त ७ ची अट चुकते : ९८७६५४३ ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते. २, ४, ५, ८ यांना शेवटचे अंक पुरतात, ३ आणि ९ ना बेरीज, ६ ला दोन्ही. ७ ला दशमान पद्धतीत अशी सोपी खूण नाही, प्रत्यक्ष भागाकारच करावा लागतो. त्यात दहांपैकी नऊ गळतात. नेमकी एकच उरावी हा योगायोग, इतपत तुमचं बरोबर आहे. आधीचं सगळं कारणांनी घडलेलं आहे.

आणि दशमानच का? पाया बदलून बघा, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्या एखाद्या संख्येच्या गटांनी मोजा; चारच्या पायावर मग १ ते ३ हेच अंक एकेकदा वापरायचे, सहाच्या पायावर १ ते ५. चारच्या पायावर अशा दोन संख्या आहेत, १२३ आणि ३२१. सहाच्या पायावरही दोन, १४३२५ आणि ५४३२१. बाराच्या पायावर एकही नाही, चौदाच्या पायावर पुन्हा एक. विषम पायावर तर असूच शकत नाही. पाया ‘न’ धरला तर सगळ्या अंकांची बेरीज न(न−१)/२ होते. दशमानात ९ ला जशी बेरीज पुरते, तशी इथे शेवटच्या अटीतल्या न−१ ला पुरते. त्या बेरजेला न−१ ने भाग जायचा तर ‘न’ सम हवा. विषम पाये अनंत आहेत. संगणक ते एकेक करून कधीच संपवणार नाही, ही ओळ ते सगळे एकदम मिटवते.