गळ, रॉड आणि केबिन बॅग: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

अमेरिकेतल्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘विमानात मासेमारीचं कुठलंही सामान हातातल्या बॅगेत चालत नाही, सिक्युरिटीवाले रॉडसकट जप्त करतात.’ हे अर्धवट आहे.

तिथल्या विमानतळांची तपासणी करणाऱ्या टीएसएच्या नियमांत रॉड केबिनमध्ये नेता येतो. अडचण येते ती लांबीची, आणि ती एअरलाइनकडून. नऊ फुटी, चार तुकड्यांचा रॉड सुटा करून ठेवला तरी सव्वादोन फूट भरतो. तिथल्या बऱ्याच कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा मात्र २२ इंच. रॉडचं नळकांडं घेऊन गेटवर हुज्जत घालण्यापेक्षा आधीच विचारून घेतलेलं बरं.

रीळ खुशाल जवळ ठेवा. महागडं रीळ चेक-इनमध्ये टाकायला माझं तरी मन धजत नाही. पिसं बांधलेल्या छोट्या फ्लाय, म्हणजे किड्यासारखी दिसणारी नकली आमिषं, तीही चालतात. मोठे, अणकुचीदार गळ मात्र नीट गुंडाळून चेक-इनमध्येच. मासे साफ करायची सुरीही तिथेच, म्यानात घालून. पक्कड सात इंचांपर्यंत असेल तर केबिनमध्ये चालते.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे फिशफाइंडरची (पाण्याखालचे मासे शोधणाऱ्या यंत्राची) सुटी लिथियम बॅटरी. तिचा नियम बरोबर उलटा: ती चेक-इनमध्ये टाकायची नाही, जवळच ठेवायची.

आणि हो, नियमात बसणारी वस्तूही अडवायचा अधिकार तपासणी अधिकाऱ्याला असतो. भारतातून निघताना हे अमेरिकी नियम दाखवून काही उपयोग नाही. इथली तपासणी इथल्या नियमांनी होते.