जागलीच्या मचाणावरचा दोर: फिरणाऱ्या पाच उपायांना उत्तर

तूर-हरभरा भरात आला की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. जागलीच्या, म्हणजे रात्री पीक राखायला बांधलेल्या मचाणावर सामान चढवताना दोराचा गुंता होऊ नये म्हणून त्यात पाच उपाय दिलेत: दोर तळहात-कोपरावर गुंडाळा, एक टोक कमरेला बांधून चढा, दोरी पातळ नायलॉनची घ्या, सगळं सामान एकाच खेपेत ओढा आणि उरलेला दोर रात्रभर खाली लोंबता ठेवा. यातला एकही उपाय मी माझ्या घरच्या माणसाला सांगणार नाही.

पहिला उपाय लगेच पटतो, कारण विहिरीवरचा दोर असाच गुंडाळलेला आपण पाहत आलोय. पण गुंत्याचं मूळ तिथंच आहे. एकाच दिशेने घातलेला प्रत्येक वेढा दोरात एक पीळ भरतो. वीस फुटी दोराला असे सातेक वेढे बसतात. गुंडाळी सोडून टोक ओढलं की ते पीळ दोरातच राहतात. दोर जरा सैल पडला की त्याला पिळाचं कडं पडतं, कड्यात डहाळी अडकते, आणि मग अंधारात कितीही हिसके द्या, सुटत नाही. गुंडाळायचाच असेल तर अंगठा आणि करंगळीवर मराठी चारच्या आकड्यासारखा, मधे फुली पाडत फिरवा. एका बाजूने भरलेला पीळ दुसरी बाजू काढते. माझं मत विचाराल तर गुंडाळूच नका. बाजाराची पिशवी मचाणाच्या बल्लीला अडकवा आणि वर ओढलेला दोर जसा येईल तसा तिच्यात सोडत जा. दिसायला गबाळं दिसतं, पण शेवटी गेलेला दोर आधी बाहेर येतो, त्यामुळे सकाळी सामान उतरवताना तो सरळ सुटतो.

दुसरा उपाय जिवावर बेतणारा आहे. कमरेचा दोर खाली खोडाच्या खुंटाला अडकला, तर शिडीच्या मधोमध माणूस मागे ओढला जातो आणि तो सोडवायला शिडीवरचा हात काढावा लागतो. मजकुरात लिहिलंय की अमेरिकेतले शिकारी असंच करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तो विषयच वेगळा. पण तिथल्या सुरक्षेच्या धड्यातही बंदूक आधी रिकामी करायची, रिकाम्या हातांनी चढायचं, अंगावरचा पट्टा झाडाला जोडलेला ठेवायचा आणि नीट बसल्यावरच बंदूक दोरीने वर घ्यायची, असं शिकवतात. आपण दोराचं वरचं टोक मचाणाच्या बल्लीलाच हंगामभर बांधून ठेवावं आणि खालचं टोक छातीच्या उंचीवर खोडाला अडकवून ठेवावं. एकटा माणूसही खाली सामान बांधतो, दोन्ही हात मोकळे ठेवून चढतो आणि वर बसून ओढतो. बाकी काही नाही तरी हा कमरेचा मुद्दा काढूनच मजकूर पुढे पाठवा, ही हात जोडून विनंती.

पातळ दोरी तळव्यात रुतते. पाण्याच्या कॅनच्या वजनाने तिची गाठ इतकी आवळते की पौषातल्या थंडीत बधिर बोटांनी सुटत नाही. करंगळीएवढा जाड, विणीचा दोर घ्या आणि सुरगाठ मारा.

एकाच खेपेचंही तसंच. कॅन, घोंगडी, डबा, बॅटरी, काठी एकत्र बांधली की गाठोडं गरगर फिरतं आणि काठी आडवी होऊन फांदीत अडकते. कॅन वेगळी ओढा. काठीला वर आणि खाली असे दोन वेढे द्या, म्हणजे ती उभीच येते. ओढताना खाली कोणी उभं राहू नये.

लोंबता दोर वाऱ्याने फांद्यांत गुंततो. रानडुकरांचा कळप आला आणि घाईत बॅटरी घेऊन उठलात, तर तोच पायात येतो. सामान वर आलं की दोर पिशवीत गेला पाहिजे. आणि मळणी झाली की तो सोडून घरी न्या. नायलॉन उन्हाने कुजतं. वैशाखभर झाडावर राहिलेला दोर पुढच्या हंगामात भरवशाचा नसतो.