रस्ता नाही, बॉर्डर अडवते
हायवे रुंद झाले की बांगलादेशशी व्यापार आपोआप वाढेल असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. आमचा कांदा नाशिकहून पश्चिम बंगालमधल्या बनगावपर्यंत व्यवस्थित पोचतो हो, पण पेट्रापोलच्या (आपल्या बाजूचं बॉर्डरचं नाकं) अलीकडे पार्किंगला नंबर लागेपर्यंत गाडी उभी ती उभीच, एकदा तर आठ दिवस गेले, ताडपत्री काढली तर वरच्या गोण्यांना कोंब फुटलेले आणि वास असा की ड्रायव्हर केबिनमध्ये झोपेना. मग पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये भरा, हमाली परत वेगळी. गाड्या थेट जाव्यात म्हणून बीबीआयएन करार (बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा वाहन वाहतुकीचा) २०१५ लाच झाला ना? मग माल अजून का उतरवावा लागतो?

त्यापेक्षा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कांदा रेल्वेनं गेदे-दर्शना या बॉर्डरवरच्या रेल्वेमार्गानं गेला ते बरं होतं. त्यावर लेखात एक ओळ नाही.