'रेझरबॅक'मधल्या म्हाताऱ्याची साक्ष

रसेल मल्केही या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या १९८४ सालच्या 'रेझरबॅक'चा विषय निघाला की ठरलेले एक मत ऐकू येते : चित्रपट दिसायला देखणा आहे, पण आत काही नाही. बैलाएवढे रानडुक्कर, ओसाड माळरान, निळसर धुके आणि चार-पाच खून, एवढ्यावर त्याची बोळवण केली जाते. मला हे मत मान्य नाही. या चित्रपटाचा देखणेपणा हाच त्याचा आशय आहे, असे माझे म्हणणे आहे आणि ते मांडताना कथानक थोडे उघड होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मल्केही हा मूळचा म्युझिक व्हिडिओंचा माणूस. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर लागलेला पहिला व्हिडिओ त्याचाच होता, आणि ड्युरान ड्युरान या बँडचे गाजलेले अनेक व्हिडिओही त्यानेच केले. 'रेझरबॅक' हा त्याचा पहिला कथाचित्रपट. त्यामुळे 'व्हिडिओवाल्याने केलेला सिनेमा' हा शिक्का त्यावर पहिल्या दिवसापासून बसला, आणि शिक्का एकदा बसला की खाली काय लिहिले आहे ते सहसा कोणी वाचत नाही.

चित्रपटाची सुरुवात पाहा. जेक कलन नावाचा म्हातारा शिकारी आपल्या लहानग्या नातवाला सांभाळत एकाकी घरात राहिला आहे. रात्री एक अजस्र रानडुक्कर घराची भिंत फोडून आत घुसते, आरपार निघून जाते आणि जाताना मूल घेऊन जाते. मागे जळणारे घर आणि ओरडणारा म्हातारा उरतो. पुढच्याच दृश्यात हा म्हातारा न्यायालयात आरोपी म्हणून उभा आहे. डुकराने मूल नेले, असे तो सांगतो; ते कोणालाच खरे वाटत नाही. त्याची सुटका होते, पण ती पुराव्याअभावी. गावाच्या लेखी तो खुनीच राहतो.

१९८४ साली ऑस्ट्रेलियात हे पाहणाऱ्या प्रत्येकाला पडद्यावर काय चालले आहे ते कळत होते. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी असलेल्या तळावरून अझारिया चेंबरलेन ही अवघ्या नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला नेले, असे तिची आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. त्या रात्री जमिनीवरचे ठसे पाहणाऱ्या आदिवासी मागकाढ्यांनाही डिंगोचाच माग दिसला होता. पहिल्या मृत्युचौकशीतही डिंगोनेच मूल नेल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही प्रकरण पुन्हा उघडले गेले. लिंडी कॅमेऱ्यासमोर पुरेशी रडत नाही, ती भलत्याच पंथाची आहे, मुलीच्या नावाचा अर्थच 'बळी' असा होतो, अशा निराधार गोष्टींवर देशभर गप्पा झडल्या. गाडीत बाळाचे रक्त सापडल्याचा वैज्ञानिक पुरावा पुढे आला आणि १९८२ च्या ऑक्टोबरात लिंडीला जन्मठेप झाली. ते रक्त नव्हतेच, गाडीच्या पत्र्यावर आवाज दाबण्यासाठी फवारलेला लेप होता, हे पुढे स्पष्ट झाले. १९८६ च्या फेब्रुवारीत उलुरूजवळच, डिंगोंच्या वावराच्या जागी, मुलीचे जाकीट सापडले तेव्हा लिंडी तुरुंगातून बाहेर आली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि मृत्यूला डिंगो कारणीभूत असल्याचा अंतिम निर्णय लागायला २०१२ साल उजाडले.

म्हणजे 'रेझरबॅक' चित्रपटगृहांत लागला तेव्हा लिंडी तुरुंगात होती आणि बहुसंख्य लोक तिला मुलीची मारेकरी समजत होते. अशा वेळी कोणी एक चित्रपट काढतो, ज्यात जनावराने खरोखर मूल नेलेले असते, प्रेक्षक ते डोळ्यांनी पाहतो आणि न्यायालय मात्र मानत नाही. बाजारात खपणारा विषय हेरण्याची हुशारी त्यात नक्कीच होती, आणि एका जिवंत आईचे दुःख असे वापरावे का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. पण हा धंदेवाईक चित्रपट म्हाताऱ्याच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट मला त्या वेळच्या कित्येक गंभीर अग्रलेखांपेक्षा मोलाची वाटते.

आता देखणेपणाकडे येतो. छायाचित्रण डीन सेमलर यांचे आहे. ब्रोकन हिल हा न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाचा चांदी, शिसे आणि जस्ताच्या खाणींचा मुलूख. सेमलर यांनी तो खराखुरा मुलूख असा काही टिपला आहे की तो खरा वाटतच नाही. रात्रीच्या दृश्यांत उजेड नेहमी मागून येतो, धुळीतून आणि धुक्यातून गाळून येतो, त्यामुळे माणसे, वाळलेली झाडे, पवनचक्क्या या सगळ्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. एक माणूस घरात टीव्ही पाहत बसला आहे आणि डुक्कर त्याच्या घराची अख्खी बाजू ओढून नेते. टीव्ही तसाच चालू राहून अंधारात दूर दूर जात राहतो. नायक कार्ल तहानेने व्याकूळ होऊन वाळवंटात भरकटतो तेव्हा त्याला घोड्याचा सांगाडा उठताना दिसतो. पाहणाऱ्यालाच कळेनासे होते की यातले किती घडले आणि किती भास होता.

माझा मुद्दा नेमका हाच आहे. ज्या प्रदेशात डोळ्यांनी पाहिलेलेही खरे वाटत नाही, तिथला साक्षीदार शहरातल्या न्यायालयाला कसा पटावा? मल्केही आणि सेमलर आपल्यालाच अविश्वासाच्या जागी नेऊन बसवतात. यांत्रिक डुक्कर पूर्ण दाखवले तर हसे होण्याची भीती असणार, म्हणूनही ते तुकड्यातुकड्यांनी दिसते : एक सुळा, ओले नाकाड, एक डोळा, अंधारातून सरकणारी पाठ. पण मर्यादेतून आलेली ही युक्ती कथेच्या पथ्यावर पडली आहे, कारण शपथेवर सांगायची वेळ आली तर आपणही एवढेच तुकडे सांगू शकू. ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचे छायाचित्रण आणि संकलन असे दोन पुरस्कार या चित्रपटाला मिळाले, त्यात नवल नाही.

डुकराखेरीज इथे बेनी आणि डिको हे बेकर बंधू आहेत. कांगारू मारून त्यांचे मांस पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या कारखान्याला पुरवणे हा त्यांचा उद्योग. या कत्तलीवर वृत्तांकन करायला आलेल्या बेथ या अमेरिकी पत्रकार बाईवर ते हल्ला करतात, आणि तिचा शेवट डुक्कर करते. गाव पुन्हा गप्प बसते. इथे एक गोष्ट जाणवते, जी चित्रपट स्वतः कधी बोलून दाखवत नाही : डुक्कर हे त्या खंडाचे जनावरच नव्हे. १७८८ मध्ये वसाहत करायला आलेल्या पहिल्या जहाजांबरोबर इंग्रजांनी डुकरे आणली, ती पुढे रानात शिरली आणि रानटी झाली. ज्या मुलखातले मूळचे कांगारू डबाबंद होतात, तिथे बाहेरून आणलेले डुक्कर राक्षस होऊन फिरते. लेखकांच्या मनात हे होते की नाही यावर मी पैज लावणार नाही.

रानडुकराची भीती आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. कोकणात आणि विदर्भात ज्यांनी शेतावर जागल केली आहे, त्यांनी सकाळी उकरलेला भुईमूग आणि लोळवलेले भात पाहिलेले असते. शिवाय बिबट्याने किंवा डुकराने माणूस मारला की आपल्याकडेही वनखात्याचा पंचनामा होतो, ठसे पाहिले जातात, शवविच्छेदनाच्या अहवालाची वाट पाहावी लागते. जनावरानेच मारले हे कागदावर सिद्ध झाल्याखेरीज घरच्यांच्या हातात भरपाई पडत नाही. जेक कलनची तडफड त्यामुळे मला परकी वाटली नाही.

एवढे कौतुक केल्यावर तक्रारही नोंदवतो. बेथचा नवरा कार्ल हा पुढे नायक होतो आणि तिथून चित्रपटाची पकड सैल पडते. कार्लची भूमिका करणारा ग्रेगरी हॅरिसन दिसायला नीटनेटका आहे, पण बायको गमावलेल्या माणसाची पोकळी त्याच्या चेहऱ्यावर फारशी उतरत नाही. उलट अभिनेते बिल कर यांचा जेक दोन वाक्यांत आणि एका नजरेत सगळे सांगून जातो, आणि याच माणसाला पटकथा शेवटाच्या आधीच मारून टाकते. त्यामुळे ज्याचे म्हणणे खोटे ठरवले गेले होते, त्याला आपले म्हणणे खरे ठरलेले पाहायला मिळतच नाही. शेवटची झुंज कारखान्यातल्या यंत्रांमध्ये होते. ती थरारक आहे, पण तोवर प्रश्न फक्त डुक्कर मरते की नाही एवढाच उरलेला असतो. म्हाताऱ्याला दोषी मानणारे गाव त्यानंतर काय म्हणाले, हे मला पाहायचे होते.

कोणाला पाहायचा असेल तर रुंद पडद्याची नीट उजळलेली प्रत शोधा. चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत सेमलर यांची अर्धी मेहनत चौकटीबाहेर जाते. बेथवरचा हल्ला पाहवत नाही, तेवढी तयारी ठेवा. आणि पाहून झाल्यावर आत काही नाही असेच वाटले, तर इथे येऊन जरूर भांडा.