आधी ताकद वाढवा, गिअरबॉक्सचं मग पाहू

टर्बोची ऑटोमॅटिक गाडी दारात उभी आहे आणि ती कंपनीने दिली तश्शीच चालवताय? म्हणजे पंगतीत बसून नुसता वरण-भात खाऊन उठण्यातला प्रकार झाला.

कापसाचा चुकारा हाती पडला की पहिले नागपूर गाठा. तिथला लॅपटॉपवाला पोरगा रिमॅप मारून देईल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून देईल. बूस्ट म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब वाढेल, टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर वाढेल आणि परत येताना बुटीबोरीपर्यंत तुमची पाठ सीटला चिकटलेली असेल. गिअरबॉक्सचं काय, हे त्याला चुकूनही विचारू नका. शुभकार्यात असं अभद्र बोलत नाहीत.

गिअरबॉक्स किती टॉर्क झेलेल याचा आकडा कंपनी देते, पण कंपन्या मेल्या भित्र्या. फोक्सवॅगनचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू200 गिअरबॉक्स घ्या. त्याची मर्यादा 250 न्यूटन मीटर. त्याला जोडलेलं दीड लिटरचं टर्बो इंजिन कारखान्यातूनच 250 देतं. शिल्लक शून्य. पण शिल्लक शून्य असताना दुबार पेरणी करणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती काय दाखवायची!

तुमच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून पुढे नेणारा बॉक्स असेल तर मजा आणखी. त्यात क्लच प्लेटांचे गठ्ठे तेलात बुडालेले असतात, एक प्लेट अस्तराची, एक पोलादी. तेलाच्या दाबाने त्या आवळल्या जातात. किती आवळायचं ते गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तो विश्वास ठेवतो इंजिनच्या कॉम्प्युटरवर. काही रिमॅपमध्ये इंजिन टॉर्क देतं जास्त आणि सांगतं कमी. बिचारा गिअरबॉक्स सांगितला तेवढाच दाब देतो आणि प्लेटा घसरतात. आरपीएमचा काटा उडी मारतो, स्पीडचा जागेवरच. याला टर्बो लॅग, म्हणजे टर्बोला जोर धरायला लागणारा उशीर म्हणायचं आणि आणखी जोरात दाबायचं.

काही दिवसांनी तेल काढा. नवं असताना ते बहुतेक गाड्यांत लाल, पारदर्शक असतं. तुमचं काळं निघेल, जळका वास मारेल, आणि चिमटीत घेऊन चोळलं तर बारीक कचकच लागेल. ते प्लेटांचं अस्तर. बाटलीत भरून तालुक्याच्या मेकॅनिकला दाखवा. तो गाडीत डोकावून म्हणेल, "भाऊ, हिले क्लचचं पायडलच नाई, मंग क्लच प्लेट जळन कशी?" त्याच्याशी वाद घालू नका. पुढचा खर्च वाचवू शकणारा तो एकमेव माणूस आहे.

आता बॉक्स मजबूत करायला घ्या. त्याच ड्रममध्ये जास्त प्लेटा बसवता येतात, फक्त जागा करायला पोलादी प्लेटा पातळ घ्याव्या लागतात. पातळ प्लेट उष्णता कमी पिते, पण असल्या बारक्या गोष्टींत अडकलं तर माणसाची प्रगती होत नाही. मग तेलाचा दाब वाढवा. गिअर असा धाडकन पडेल की मागे बसलेल्या आईच्या हातातला डबा सांडेल. प्लेटा धरू लागल्या की कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा लॉकअप क्लच घसरेल, तो बदला. तो धरला की गिअरबॉक्समध्ये जोर आणणाऱ्या इनपुट शाफ्टवर येईल. तो तगडा केला की चाकांना जोर देणारा ड्राइव्ह शाफ्ट, मग इंजिन धरून ठेवणारे माउंट. एक सांधलं की दुसरं उसवणार, पण तेवढाच नागपूरला जायला बहाणा.

कूलर मात्र लावाच. घरच्या कूलरच्या ताट्या बदलता, मग गाडीने काय घोडं मारलंय? एवढंच, की तेलाचा कूलर वाऱ्यावर चालतो, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा वारा 46 अंशांचा असतो. तेलात आणि हवेत जेवढा फरक, तेवढंच तेल थंड होणार. त्यात हंगामात कापसाच्या गाड्यांच्या मागे फिरलात की जाळी पांढऱ्या तंतूंनी लिंपून निघते.

इन्शुरन्सवाल्याला आणि आरटीओला यातलं काही कळवायचं नाही. मोटार वाहन कायद्यात गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आहे, असू द्या.

एवढी ताकद घेऊन जायचं कुठे? समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा आहे आणि 120 तुमची गाडी कंपनीची असतानाही मारत होती. तेव्हा वावरात न्या. पावसाळ्यात, काळ्या मातीच्या पांदणीने. चाकं रुतली, गाडी हलेना, तुम्ही अॅक्सिलरेटर दाबून धरला की इंजिनची जवळपास सगळी मेहनत कन्व्हर्टरच्या तेलात उष्णता होऊन उतरते. मध्येच एखादं चाक गरगर फिरून दगडाला धरलं, तर कोणता शाफ्ट तगडा करायचा राहिला होता तेही कळेल.

मग ट्रॅक्टर बोलवा. ट्रॅक्टरवाले काकाजी दोर बांधता बांधता विचारतील, "काहून जी, एवढ्या पावरची गाडी, अन् दोर लागला?" उत्तर देऊ नका, न्यूट्रल टाका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा तेलपंप बंद, आणि पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली की आतले भाग कोरडेच फिरतात. म्हणून ती उचलून न्यायची असतात, पण पांदणीत क्रेन कुठून येणार? तुम्ही आपले सीटवर बसून राहा. गाव येईपर्यंत नव्या प्लेटांची ऑर्डर मोबाइलवरून देऊन होते, नेटवर्क असलं तर.