पाणी कुठवर आलं?

टपालाची तिकिटं छापणारा इंडिया सिक्युरिटी प्रेस आमच्या नाशिकरोडला १९२५ सालापासून आहे. देशभरातली पत्रं पुढं सरकवण्याचं पुण्य या गावाच्या खात्यावर शंभर वर्षं जमा होतंय. त्याच गावातून, दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षं निर्यात करणाऱ्या ऑफिसातून, नेदरलँड्सला चार ओळींची मेल जाईना.

सुरुवात तात्यांच्या हिशेबाच्या वहीपासून झाली. तात्या म्हणजे आमचे मालक. दर मेलबॉक्समागं दरमहा पैसे जातात हे त्यांना ऐन सीझनमध्ये कळलं. "अरे इंजिनीअर, पत्र पाठवायला महिन्याचं भाडं? आणि तो जिन्याखालचा सर्व्हर नुसताच वीज खातोय ना? त्याच्यावरून पाठव की. सॉफ्टवेअर तर फुकट असतं म्हणालास!" सॉफ्टवेअर फुकट असतं हे मी खरंच म्हणालो होतो. फुकटात फक्त सॉफ्टवेअरच मिळतं, हे वाक्य तात्यांच्या आवाजात विरून गेलं.

जिन्याखाली, द्राक्षं भरायच्या डब्यांच्या, म्हणजे पनेटच्या, बंडलांना टेकून, तो सर्व्हर बसलेला. माझ्या आधीच्या माणसानं त्यावर सेंडमेल हे मेल पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर चढवून ठेवलं होतं आणि मग पुण्याला नोकरी धरली होती. या दोन घटनांचा संबंध मला त्याची सेटिंगची फाइल उघडल्यावर लागला. आर, डॉलर, स्टार, कोनी कंसात कोंडलेलं अ‍ॅट, पुन्हा डॉलर. नियमाची डावी बाजू आणि उजवी बाजू यांच्यामध्ये टॅबच पाहिजे. स्पेसबारनं सोडलेली जागा डोळ्यांना अगदी तश्शीच दिसते, पण चालत नाही. हे सगळं हातानं लिहू नये म्हणून एम-फोर नावाची सोय आहे. त्या सोयीत अवतरण उघडायचं ते एस्केपखालच्या तिरक्या टिंबानं आणि मिटायचं ते एंटरशेजारच्या सरळ टिंबानं. अकाउंट्सच्या ताईंनी कीबोर्डला चहा पाजल्यापासून नेमकी ती एस्केपखालची कळ चिकटायची. एकतर उमटायचीच नाही, नाहीतर ओळभर उमटत राहायची.

सेंडमेलची बाजूही सांगायला हवी. एरिक ऑलमन यांनी ते बर्कलीत लिहिलं तेव्हा जगात एक इंटरनेट नव्हतं, वेगवेगळी जाळी होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी. कुणाचा पत्ता अ‍ॅट घालून, कुणाचा उद्गारचिन्हं घालून. कुठलाही पत्ता कुठल्याही पत्त्यात बदलता यावा म्हणून ते नियमांचं यंत्र. पण आम्हाला फक्त रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला फायटोची, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याच्या दाखल्याची, प्रत पाठवायची होती.

बरं, हा सर्व्हर इतकी वर्षं करत काय होता? एका ओळीत त्याला फक्त १२७.०.०.१ वर कान द्यायला सांगितलेलं होतं, म्हणजे स्वतःचंच ऐकायचं. रोज रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारा त्याचा गडी, कामं उरकायचा आणि झाल्या कामाचं पत्र रूटला लिहायचा. रूट म्हणजे सर्व्हरचा मुख्य खातेदार, म्हणजे पुन्हा तोच. पेटी उघडली तर वर्षानुवर्षांची पत्रं, सगळी त्याचीच, सगळी त्यालाच. 'बॅकअपची डिस्क भरली आहे' हे तर त्यानं इतक्या वेळा आणि इतक्या शांतपणे कळवलं होतं की वाचून मला कसंसंच झालं.

मी सेंडमेल काढलं आणि त्याच कामाचं पोस्टफिक्स बसवलं. हे वीत्से वेनेमा यांचं, आयबीएममध्ये लिहिलेलं, १९९८ साली बाहेर आलेलं. मुख्य फाइल एकच, आणि तिच्यातले शब्द माणसाला वाचता येतात: माझं नाव काय, कुणाची पत्रं माझी, कुणाला माझ्याकडून पाठवू द्यायचं. ती शेवटची ओळ फार जपायची. तिथं ढिलाई केली की जगभरचे भामटे तुमच्याच दारातून औषधांच्या जाहिराती पाठवतात. एवढं सांभाळलं की पोस्टफिक्स चालू होतो. मग सुरू होतो तमाशा.

आधी टेलनेटनं पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या मेलच्या दारावर, हातानंच बोलून पाहिलं. ही भाषा जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली कागदावर आणली आणि तिच्यातलं सौजन्य अजून शाबूत आहे. आपण एका एलचं हेलो म्हणायचं, तो २५० म्हणतो. कुणाकडून, कुणाला, सांगत जायचं, तो २५०, २५० करत राहतो. मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत एकटा पूर्णविराम. दोनानं सुरू झालं की काम झालं, चारानं म्हणजे नंतर या, पाचानं म्हणजे पुन्हा तोंड दाखवू नका. आमच्या घरातल्या घरात सगळं दोनानं झालं. मी उठून तात्यांना "झालं" म्हणणार, एवढ्यात बाहेरच्या मेलसमोर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, शब्द उमटला: डिफर्ड. लांबणीवर.

बाहेरचं पंचवीस नंबरचं पोर्ट इंटरनेटवाल्यांनी बंद ठेवलं होतं. ते उघडून घेतलं तर पलीकडचे सर्व्हर विचारू लागले, तुमच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या नंबरावरून, उलटं शोधलं तर तुमचं नाव का निघत नाही? ही उलटी नोंद, म्हणजे डीएनएस या इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीतला पीटीआर, आपल्या हातात नसते; आयपी ज्याचा त्यानंच करायची. मी फोन लावला.

"सर, आपलं नेट चालू आहे का?"

"चालू आहे. मला पीटीआर..."

"चालू आहे ना सर? मग अडचण काय आहे?"

"रिव्हर्स डीएनएस लावायचंय."

"एकदा राउटर बंद करून चालू करा सर."

तोवर न गेलेल्या मेलींची रांग वाढतच होती. पोस्टफिक्स चिवट. पहिल्यांदा पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत तासाभराच्या थोडं वर नेतो, आणि पाच दिवसांनी हात टेकून पत्र परत करतो. रांगेचा आकडा तात्यांना सांगून काही उमगेना. ते पंचवटीत वाढलेले. गोदावरीचा पूर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर मोजणारे. तेव्हा मी म्हटलं, "तात्या, गुडघ्याला लागलंय." त्या दिवसापासून ऑफिसात कुणी मेलचं नाव काढेना. सकाळी आल्या आल्या तात्या जिन्याखाली वाकून विचारायचे, "पाणी कुठवर आलं?" कमरेला. दुपारी अकाउंट्सच्या ताई, "छाती?" न्हावाशेवाला कंटेनर लागला त्या दिवशी मारुती बुडाला. फायटो शेवटी तात्यांच्या भाच्यानं स्वतःच्या मोबाइलवरून पाठवली.

परतीचा ओघ सुरू झाला तेव्हा तात्या जरा हरखले होते. न पोचलेलं पत्र परत करताना सर्व्हर पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचंच 'मेलर डीमन' असं नाव घालतो. "हे मेलर डीमन कोण रे? रोज एवढ्या मेली करतात. मोठी पार्टी दिसते. त्यांना फोन करून एकदा पॅकहाऊस दाखवायला बोलव."

उलटी नोंद झाली. मग एसपीएफ, म्हणजे आमच्या नावानं कोण पाठवू शकतो याची जाहीर यादी. मग डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक पत्रावर गुप्त किल्लीची सही, आणि ती पडताळायची उघडी किल्ली डीएनएसमध्ये. २०४८ बिटांची ती उघडी किल्ली चारशेच्या आसपास अक्षरांची होते, आणि डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. तुकडे करून द्यायची पद्धत आहे. पण ज्यांच्याकडून डोमेन घेतलं त्यांचं पान तुकडे घेईना, आणि अख्खी किल्ली दिली की हसतमुखानं 'सेव्ह झालं' म्हणून तिची शेपटी कापून टाकी. हे त्या पानानं कुठं लिहिलं असेल तर शपथ. मला ते कळलं अक्षरं बोटानं मोजताना, आणि तेव्हा शेजारी पॅकिंगच्या मावश्या "इंजिनीअरला काय झालं?" असं हळू आवाजात बोलत होत्या. शेवटी डीएनएसच दुसरीकडे हलवला.

कुणाला ही सगळी तपासणी जाच वाटेल. मला आता वाटत नाही. रोज आमच्या दारावर ज्या गतीनं अनोळखी पत्त्यांवरून धक्के बसतात ते लॉगमध्ये पाहिलं की पलीकडचा पहारेकरी बरोबरच वाटतो. फक्त त्यानं नाशिकच्या माणसाला जरा ओळखायला हवं होतं.

मग एका संध्याकाळी लॉगमध्ये हळूहळू सेंट, सेंट, सेंट उतरू लागलं. रॉटरडॅमहून उत्तर आलं: मेल मिळाली, स्पॅममध्ये होती. पाणी घोट्याखाली गेलं. तात्यांनी ऑफिसला मिसळ सांगितली, दही-पापडासकट.

मिसळ खाता खाताच ते म्हणाले, "आता आपलंच आहे म्हटल्यावर पाडव्याला सगळ्यांना शुभेच्छा पाठवू. बागाईतदार, व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले, बँकेतले, झाडून सगळे. घरच्या सगळ्यांचा एक झकास फोटो काढलाय. चौदा एमबीचा आहे."

पोस्टफिक्समध्ये एका मेलच्या वजनाची मर्यादा मुळातच घातलेली असते: एक कोटी दोन लाख चाळीस हजार बाइट. ती बदलायला एक ओळ पुरते.

"तात्या," मी म्हटलं, "सॉफ्टवेअरच घेत नाही हो."